झोआ मिटले तर आधी मीठ मोजा : छोट्या रीफ टाकीतला बिघाड शोधताना

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीत, म्हणजे रीफ टाकीत, दिवे लागून दोन तास झाले तरी झोआ (छोट्या फुलांसारखे गुच्छात वाढणारे प्रवाळ) मिटलेले, लेदर प्रवाळ फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखं सुरकुतलेलं, झेनिया या प्रवाळाची उघडझाप बंद. काल संध्याकाळपर्यंत सगळं झकास होतं. अशा सकाळी रीफवाला माणूस पहिलं काय करतो, तर टाकीखालचं कपाट उघडतो आणि एखादी बाटली काढतो. आयोडीन, ट्रेस एलिमेंट (सूक्ष्म खनिजं), नाहीतर प्रवाळांचं कसलंसं टॉनिक. मीही दोन वर्षं हेच केलं. त्या बाटल्यांनी एखादं प्रवाळ वाचल्याचं मला आठवत नाही. उलट बाटली ओतली की पाणी बदलायचं आणि बिघाड कशाने झाला होता त्याचा मागच पुसला जायचा.

माझी टाकी ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये आहे. दोन फुटी, ६० × ३५ × ३५ सेंटिमीटर. काचेच्या हिशेबाने ७३ लिटर, पण खडक, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की खरं पाणी ६० लिटरच. खाली दिलेले सगळे हिशेब या ६० लिटरचे आहेत. तुमच्या टाकीच्या प्रमाणात ते कमीजास्त करून घ्या, आणि तेही खऱ्या पाण्यावर, डब्यावर छापलेल्या आकड्यावर नाही.

माझ्याकडे फक्त मऊ प्रवाळ आहेत : झोआ, मश्रूम, लेदर, झेनिया. याचं एक कारण सोपेपणा. दुसरं कारण कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. मालवणच्या खडकातून तुकडा उचलून आणणं हा ‘छोटासा छंद’ नसून गुन्हा आहे. परदेशातून आलेला म्हणून कोणी दगडी प्रवाळ विकत असेल, तर आयातीचे कागद मागा. कागद दाखवता येत नसतील तर तिथून निघा.

आधी हात मागे बांधून बघा

पाच मिनिटं टाकीत हात घालायचा नाही. नुसतं बघायचं आणि स्वतःला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला : एकच प्रवाळ रुसलंय की सगळेच? सगळे एकाच दिवशी मिटले तर दोष पाण्यात आहे. एकच मिटलंय आणि शेजारचे मजेत आहेत, तर पाण्याच्या चाचण्यांत वेळ घालवू नका. तिथे प्रकाश, प्रवाह, कीड किंवा शेजारी, यातलं काहीतरी आहे.

दुसरा : मासे कसा श्वास घेतायत? पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून कल्ले भराभर हलवत असतील तर प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया चढलाय. बाकी सगळं सोडा, आधी वेव्हमेकरचं (पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड वर करून पृष्ठभाग खळाळता करा, हवेची मोटर लावा, मग पुढचं.

तिसरा प्रश्न फार जण विचारत नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगाचा : आधी कोण मेलं? मासे धडधाकट आणि कोळंबी-गोगलगायी मेल्या, तर विषाचा संशय घ्या. तांबं किंवा कीटकनाशक. कोळंबी ही या टाकीची पहारेकरी असते, तिला पहिलं कळतं. उलट कोळंबी मजेत खडकावर फिरतेय, मासे खातायत आणि फक्त प्रवाळ मिटलेत, तर विष नाही. खारटपणा, तापमान, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) किंवा प्रकाश यांच्यातली ती उडी आहे.

बघता बघता मुंडक्या मोजा. एखादा मासा दिसत नसेल तर खडकामागे टॉर्च मारा. ६० लिटरमध्ये एक मेलेली मोठी गोगलगाय दोन दिवसांत पाणी नासवू शकते. गोगलगाय जिवंत आहे का हे कळत नसेल तर बाहेर काढून वास घ्या. मेलेली असेल तर विचारावं लागणार नाही.

पहिली मोजणी : खारटपणा

आता मोजायला घ्या, पण क्रमाने. पहिला खारटपणा, कारण छोट्या टाकीत सगळ्यात जास्त वेळा तोच बिघडतो आणि तो मोजायला एक मिनिट लागतं.

हवं ते ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे २५ अंशांना १.०२६ विशिष्ट गुरुत्व. टाकीतलं पाणी उडतं ते गोडं, मीठ मागेच राहतं. पंखा लावलेल्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर सहज उडतात. एक दिवस भरायचं राहिलं तर ३५चे ३६.२ होतात. तीन दिवस राहिलं, सहा लिटर गेले, तर जवळजवळ ३९. त्यावर एखाद्याने घाईघाईने सहाच्या सहा लिटर एकदम ओतले, तर प्रवाळांना दोन धक्के बसतात, चढण्याचा आणि उतरण्याचा. चढलेला खारटपणा दिवसाला एक-सव्वा पीपीटीच उतरवा. रोजचं उडणारं पाणी वेगळं भरून, वर दिवसाला दोन लिटर जादा, तेही सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटून. आणि भरायचं ते गोडं आरओ पाणी. नवशिक्यांपैकी कितीतरी जण टॉप-अपलाही (उडालेलं पाणी भरून काढायलाही) मिठाचं पाणी वापरतात आणि महिन्याभरात टाकीचं मीठागर करतात.

आता मापयंत्राबद्दल. प्लॅस्टिकचा काटा वर-खाली होणारं हायड्रोमीटर वापरत असाल तर त्याला चिकटलेला एक बुडबुडाही आकडा फिरवतो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या, पण तो साध्या आरओ पाण्यावर शून्याला लावून निश्चिंत होऊ नका. शून्यावर बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ला दोन-तीन पीपीटी चुकू शकतो. तो ३५च्याच द्रावणावर लावायचा. विकतचं नसेल तर घरी होतं : ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. हे मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरला ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्यासारखंच दिसतं. मोजायला ग्रॅमच्या दहाव्या भागाचाही फरक दाखवणारा काटा लागतो, चमच्याने होत नाही. (विजेच्या वाहकतेवर चालणाऱ्या मीटरला मात्र हे द्रावण चालत नाही.) माझा रिफ्रॅक्टोमीटर वर्षभर ३५ दाखवत होता तेव्हा पाणी ३२ होतं. त्या वर्षी मी दोन प्रकारचं आयोडीन विकत घेतलं होतं.

तापमान, आणि पंखा कुठे फसतो

२५ ते २७ अंश छान. २८ला मऊ प्रवाळ तक्रार करत नाहीत. २९-३० बरेच दिवस राहिलं की प्रवाळाच्या पेशीत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडू लागतं आणि प्रवाळ फिकं पडतं. समुद्रातल्या प्रवाळांचं विरंजन होतं तेही याच वाटेने.

टाकीवर पंखा लावला की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणजे माठाचंच तत्त्व. म्हणून पुण्यात किंवा नागपुरात एप्रिलच्या कोरड्या हवेत पंखा तीन-चार अंश सहज उतरवतो, आणि ठाण्यात मे अखेरीस, हवा घामट झाली की त्याच पंख्याचा दम एक-दीड अंशात संपतो. माठही कोकणात कुठे फार गार होतो? किनाऱ्यावर राहत असाल तर मे-जूनसाठी एसीची खोली किंवा चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) याला पर्याय नाही. छोटी टाकी खोलीच्या एसीवर निभते. पण एसी रात्री चालू आणि दिवसा बंद असेल तर रोज चार अंशांचा झोका बसतो, आणि स्थिर २८ त्यापेक्षा बरं.

अचानक तापलं तर आरओ पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून टाकीत तरंगत सोडा. ६० लिटरमध्ये ती साधारण एक अंश उतरवते. एका वेळी एकच. बर्फ थेट टाकू नका, तो वितळून खारटपणा हलवतो. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरच्या रात्री उलटी गोष्ट : तिथे हीटर लागतो, आणि हीटर बिघडून चालूच राहण्याचा धोका असतो म्हणून स्वतंत्र थर्मामीटर हवाच.

टॉप-अपचं पाणी कुठून येतं

एका गणपतीत आम्ही पाच दिवस गावी गेलो. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं होतं, ‘खुणेच्या खाली पाणी गेलं की आमच्या कॅनमधलं भरा.’ कॅन तिसऱ्या दिवशी संपला. काकूंनी विचार केला, आरओच तर हवंय, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या आरओचं भरलं. परत आलो तर दोन्ही कोळंबी मेलेल्या, गोगलगायी उलट्या पडलेल्या, झोआ घट्ट मिटलेले आणि क्लाउनफिश जेवण मागायला पुढे! खारटपणा बरोबर, तापमान बरोबर, अमोनिया थोडासा. दोन दिवस डोकं खाजवलं, मग काकूंच्या ओट्यावर उभा राहून त्यांच्या यंत्रावरचं वाचलं. शुद्ध केलेल्या पाण्यात तांबं मिसळणारं कार्ट्रिज त्यात होतं.

माणसाला ते तांबं चालतं. माशांनाही थोडं चालतं, समुद्री माशांच्या परजीवींवर तांब्याचंच औषध देतात. पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना ते फार थोड्या प्रमाणातही मारतं. त्यामुळे घरगुती आरओ वापरण्याआधी तीन गोष्टी तपासा. तांब्याचं किंवा खनिजांचं कार्ट्रिज आहे का? चव सुधारायला कच्चं पाणी परत मिसळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर आहे का? आणि नळातून शेवटी येणाऱ्या पाण्याचा टीडीएस किती? पिण्याच्या आरओला ५०-८० चांगला मानतात; रीफला तो शून्याच्या जवळ लागतो. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) टप्पा जोडावा लागतो. मीटर शून्याऐवजी ३-४ दाखवू लागला की रेझिन बदलायचं. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं, पालिका क्लोरीन वाढवते, तेव्हा आरओच्या आधीची सेडिमेंट आणि कार्बनची फिल्टरं नेहमीपेक्षा लवकर बदला. बोअरवेलचं पाणी असेल तर रेझिन किती लवकर संपतं ते बघून डोळे पांढरे होतात.

तांबं गेलंच असेल तर : त्याच दिवशी ३० टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि प्रवाहात ताजा कार्बन (शोषक कोळसा) व तांबं शोषणारं रेझिन किंवा पॅड टाका. काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

पितळी नळी, तांब्याचा हंडा, गंजलेली क्लिप हीसुद्धा त्याच रांगेतली. वेव्हमेकरच्या चुंबकावरचं आवरण फुटून आतला धातू गंजतो, ते बाहेरून दिसत नाही. दर दोन महिन्यांनी चुंबक काढून त्यावर बोट फिरवा. तपकिरी डाग किंवा फुगवटा दिसला तर तो फेकून द्या.

हवेतलं विष

मुंबई-ठाण्यातल्या घरात डासांची लिक्विड मशीन रात्रभर चालते. त्यातली आणि स्प्रेमधली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं डासाला मारतात तशीच कोळंबीला मारतात; दोघेही संधिपादच. हवेची मोटर आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवाच पाण्यात ढकलतात. टाकीच्या खोलीत मशीन नको, स्प्रे तर मुळीच नको. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी टाकीवर ओलं बेडशीट टाकून भागत नाही. हवेची मोटर आणि स्किमर बंद ठेवा, वेव्हमेकर चालू ठेवा, शक्य असेल तर ती खोली त्यातून वगळा. दिवाळीआधीचा रंगकामाचा वास, धूप, कापूर यांच्यासाठी ताज्या कार्बनची पिशवी आधीच टाकून ठेवा आणि खिडक्या उघडा. हात घालायच्या आधी हात नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुवा. क्रीम, सॅनिटायझर, ओडोमॉस यातलं काही लावलेला हात टाकीत जाता कामा नये.

अल्कलिनिटी, आणि पीएचच्या मागे का धावू नये

अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचे अंश), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), मॅग्नेशियम १२८० ते १३५०. मऊ प्रवाळांच्या टाकीत हे फार वेगाने खर्च होत नाहीत, आठवड्याला १५ टक्के पाणी बदललं की बहुतेक वेळा भरून निघतं. इथे भानगड होते ती पाणी बदलतानाच. काही मिठांची अल्कलिनिटी ११-१२ असते. टाकीत ७.५ आणि बादलीत १२ असं असताना निम्मं पाणी बदललं की एका फटक्यात सव्वादोन अंशांची उडी. नवं पाणी ओतण्याआधी बादलीतलीही अल्कलिनिटी मोजायची सवय ठेवा.

कमी असेल तर खायचा सोडा पुरतो. ६० लिटरमध्ये १.८ ग्रॅम सोडा एक डीकेएच वाढवतो. पेलाभर आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून वेव्हमेकरसमोर हळूहळू सोडायचा, आणि दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त नाही. सोडा म्हणजे सोडा. बेकिंग पावडर नव्हे, त्यात इतर गोष्टी असतात. अल्कलिनिटी कितीही भरा, वर चढतच नसेल आणि हीटरवर पांढरा थर जमत असेल, तर मॅग्नेशियम मोजा. ते कमी असलं की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकमेकांना धरून तळाला बसतात.

पीएचबद्दल थोडक्यात. ७.८ ते ८.४ यात कुठेही असो, सोडून द्या. बंद एसीच्या बेडरूममध्ये दोन माणसं झोपली की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच पहाटे ७.८वर येतो. खात्री करायची असेल तर टाकीतलं पेलाभर पाणी गॅलरीत नेऊन हवेच्या मोटरने तासभर ढवळा आणि पुन्हा मोजा. वाढला तर दोष खोलीच्या हवेचा, खिडकी उघडा. पीएच वाढवायची पावडर टाकलीत तर अल्कलिनिटी १४वर जाईल आणि पीएच दुसऱ्या पहाटे होता तिथेच.

अन्नद्रव्यं : जास्त वाईट, शून्य त्याहून वाईट

नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असेल तर मऊ प्रवाळ खूष. इंटरनेटवर जुने लोक अजूनही ‘दोन्ही शून्य ठेवा’ सांगतात. त्या सल्ल्याने माझी टाकी चार महिने चिकट तपकिरी शेंबडाखाली होती.

तो शेंबूड म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव, थोडक्यात डायनो. टाकीत तपकिरी-लाल काही दिसलं की ते काय आहे हे ठरवल्याशिवाय उपाय करायचा नाही, कारण उपाय एकमेकांच्या उलट आहेत. टाकी दोन-तीन महिन्यांचीच असेल, काचेवर आणि वाळूवर भुरकट पावडरसारखा थर असेल आणि बोटाने पुसला जात असेल, तर डायटम (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शैवाल). सिलिकेट संपलं की आपोआप जातं. गेलं नाही तर डीआय रेझिन तपासा. लालसर-जांभळी, शेवाळासारखी चादर, जी टोकाला धरून अख्खी उचलता येते, ती सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर जगणारे जिवाणू). प्रवाह वाढवा, चादर नळीने ओढून काढा, खाणं कमी करा. आणि टोकाला बुडबुडे असलेल्या तारा, ज्या रात्री नाहीशा होतात आणि दुपारी परत येतात, ते डायनो. शंका असेल तर तो गोळा एका बाटलीत टाकीच्या पाण्यासह घेऊन जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. पुन्हा तारा जमल्या तर डायनोच. मुलांचा खेळण्यातला सूक्ष्मदर्शक असेल तर अजून उत्तम.

डायनो झाल्यावर लोक पाणी बदलत सुटतात, फॉस्फेट शोषणारी पावडर वाढवतात, म्हणजे आगीत तूप. त्या दिवसांत पाणी बदलणं थांबवा, फॉस्फेटची पावडर काढा, माशांना सढळ खायला घाला, गरज पडली तर नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून टाका आणि १० व ०.१च्या आसपास टिकवा. तीन दिवस दिवे पूर्ण बंद ठेवल्यानेही जोर कमी होतो, मऊ प्रवाळ तेवढं सोसतात. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही दिवा काम करतो. वाळूतच राहणाऱ्यांवर नाही. धीर लागतो, सहा ते आठ आठवडे धरून चाला.

हिरवं केसाळ शेवाळ वाढलं तर उलटं : अन्नद्रव्यं खरोखर जास्त आहेत. टेस्ट किट शून्य दाखवत असेल तरी, कारण शेवाळ ते आधीच खाऊन बसलेलं असतं. हाताने उपटा, गोठवलेलं खाणं चाळणीत आरओ पाण्याने धुऊन घाला, आणि फॉस्फेटची पावडर चालवायची तर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यानेच सुरू करा. फॉस्फेट एका रात्रीत ०.५वरून शून्यावर आणलं की प्रवाळ पांढरे पडतात आणि आपण दोष दिव्याला देतो.

एकटं रुसलेलं प्रवाळ

लेदर मिटून त्यावर मेणकट चकचकीत पापुद्रा आला तर घाबरू नका. तो कात टाकतोय. आठवडाभर, कधी दोन आठवडेही. प्रवाह थोडा वाढवला की पापुद्रा लवकर सुटतो. मात्र त्याच वेळी कार्बन ताजा ठेवा. लेदर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांना दाबतो, आणि ६० लिटरमध्ये शेजारी पळून जाणार कुठे!

मश्रूम आक्रसून खडक सोडत असेल तर बहुतेक वेळा प्रकाश किंवा प्रवाह जास्त आहे. खाली, सावलीत न्या. झोआंचे देठ लांबुळके होऊन वर ताणलेत तर प्रकाश कमी. चपटे, फिकट आणि दगडाला चिकटलेत तर जास्त. नवा एलईडी आणलात की पहिले तीन आठवडे निम्म्या जोरावर.

झोआंचा एकच गुच्छ बंद असेल तर रात्री टॉर्च आणि भिंग घेऊन बसा. झोआ खाणारी न्यूडीब्रँक गोगलगाय झोआच्याच रंगाची होते, तिच्या अंड्यांची वेटोळी माळ देठाच्या मागे सापडते. चौकटीचौकटीच्या नक्षीची चपटी शंखगोगलगाय दिसली तर तीही झोआच खाते. चिमट्याने काढा, गुच्छाला प्रवाळांच्या डिपमध्ये (कीड मारणाऱ्या द्रावणात) बुडवा, अंडी डिपमध्ये मरत नाहीत म्हणून ती खरवडा आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा डिप.

हे करताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि झोआ असलेला खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. झोआ आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं, ज्ञात विषांतलं ते फार जहाल. वाफेतून ते श्वासात गेल्याने घरंच्या घरं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. हात कापलेला असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालूच नका.

झेनिया वितळून दुर्गंध येऊ लागला तर वाचवायच्या फंदात पडू नका. सायफनने ओढून काढा, नाहीतर तो अख्ख्या टाकीचं पाणी खराब करेल.

तातडीचं पाणी बदलणं आणि वीज

तीस टक्के म्हणजे १८ लिटर. १८ लिटर आरओ पाणी बादलीत, त्यात साधारण ६५० ते ६८० ग्रॅम मीठ. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी नको. दमट हवेत उघडं राहिलेलं मीठ पाणी पिऊन जड होतं, त्यामुळे वजनावर विसंबू नका, शेवटी रिफ्रॅक्टोमीटर बोलेल ते खरं. मोटर लावून पाणी काचेसारखं होईपर्यंत फिरवा, तापमान टाकीइतकं आणा, मग ओता. कपाटात नेहमी एवढं मीठ आणि दोन कॅन आरओ पाणी तयार असू द्या. बिघाड रविवारी रात्रीच होतो.

वीज गेली तर पहिला मरतो तो प्राणवायू, तापमान नंतर. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर घ्या; चिलर घेतलात तर बॅटरी तासाभरात बसेल. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारी हवेची मोटर किंवा पॉवर बँकवर चालणारा यूएसबी पंप. तेही नसेल तर मगने पाणी उचलून उंचावरून ओतत राहा, दर दहा मिनिटांनी. हसू येईल, पण मासे जगतात. आणि टाकीची प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं खारं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर ठिबकेल. बोर्डावर ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पुढच्या प्रवाळाचे पैसे त्यात घाला.

गावी जाताना

आता गणपतीला निघण्याआधी मी एक-एक लिटरच्या बारा बाटल्या भरतो, दिवसाला दोन. प्रत्येकीवर मार्करने वार लिहितो : ‘शनि सकाळ’, ‘शनि संध्याकाळ’. माशांचं खाणं गोळ्यांच्या सहा पुड्यांत, मेडिकलवाला बांधतो तशा. बाकी डबा, बाटल्या, कपाट, सगळ्याला कुलूप. काकूंना सांगतो, वार बघून बाटली ओता, आणि बाटल्या संपल्या तर काही भरू नका, मला फोन करा. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला तो चौथ्या दिवशी. मी दचकून उचलला. त्या म्हणाल्या, ‘अरे, तुझ्या त्या केशरी माशाला मोदकाचा चुरा चालतो का?’